कव्हर गेलेल्या पुस्तकांची वही

वाचनालयात बसून तुम्ही नेमकं करता काय, हा प्रश्न मला बत्तीस वर्षांच्या नोकरीत किती जणांनी विचारला याची गणतीच नाही. माझ्या नणंदेचं तर ठाम मत होतं, की शैलाला पंख्याखाली बसून वाचायचा पगार मिळतो. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, कोणाची भीडभाड उरलेली नाही, म्हणून सांगते. लोणावळ्यात वाचनालय सांभाळणं म्हणजे चार महिने ओल सांभाळणं आणि उरलेले आठ महिने त्या ओलीनं केलेलं नुकसान निस्तरणं. वाचायला वेळ मिळायचा तो मी चोरायचे.

बाहेरगावच्या लोकांना आमचा पाऊस भजी खाण्यापुरता माहीत असतो. पुस्तकांना तो वेगळा भेटतो. जुलैत पुस्तकं फुगतात आणि कपाटात एकमेकांना धरून बसतात. एक ओढलं की तीन येतात. पुठ्ठ्यावर हिरवट बुरशी धरते. कसर नावाचा चंदेरी किडा खळीच्या वासानं येतो आणि आधी कडा खातो, मग अक्षरं. दसऱ्याच्या सुमारास कडक उन्हं पडली की आम्ही गच्चीवर सतरंज्या टाकून वाळवणासारखी पुस्तकं पसरायचो. खालून जाणारे ओरडून विचारायचे, "मॅडम, किलोवर काढली का?" मी वरून सांगायचे, "हो, पण आधी सभासद व्हा."

या सगळ्यात पहिलं जातं ते कव्हर. त्यावरचं चित्र फुगतं, सुटतं आणि एक दिवस कोणाच्या तरी पिशवीत राहून जातं. मग आमचे बाइंडर दत्तोबा येऊन मागच्या खोलीत बसायचे. मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, पानं शिवायची आणि वरून रेक्झिन चढवायचं. रंग दोनच, मरून आणि बाटली-हिरवा. पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर घातला की काम झालं. पुस्तक पुढची वीस वर्षं टिकायचं, पण आत प्रेमकथा आहे की शेळीपालन, ते बाहेरून कळायला काही मार्ग नाही. लोक कपाटासमोर उभे राहायचे, चारदोन मरून पुस्तकं उघडून मिटायचे आणि शेवटी वर्तमानपत्र वाचून घरी जायचे.

माझी चित्रांची वही यातून सुरू झाली, असं मी वाचनालयाच्या समितीला सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. शाळेत असताना माझी चित्रकला चांगली होती, इंटरमीजिएटच्या परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती. कला महाविद्यालयाचा फॉर्मसुद्धा मी आणून ठेवला होता. वडील रेल्वेत गँगमन होते, खंडाळ्याच्या घाटात. त्याच उन्हाळ्यात काम करताना त्यांच्या पायावर रूळ घसरला आणि ते सहा महिने अंथरुणावर पडले. घरात थोरली मी. वाचनालयात मदतनीसाची जागा होती, ती मी धरली आणि मग तिनं मला धरून ठेवलं. तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे, कोरा. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी हातात येतो, दर वर्षी मी तो परत त्याच पाकिटात घालते. आपण तिथे गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार करत नाही असं मी लोकांना सांगते. करते. जून महिना लागला की हमखास करते.

तर, पुस्तक वाचताना साधारण चाळिसाव्या पानाला माझा हात शिवशिवायला लागायचा. मग शंभर पानी वहीत पेन्सिलीनं एक चित्र काढायचं. या पुस्तकाचं कव्हर मी केलं असतं तर कसं केलं असतं, एवढाच खेळ. गंमत म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं मी कधी काढलं नाही. शाळेत बाई समोर माठ आणि वांगी मांडायच्या तेव्हा ते हुबेहूब काढून मी कंटाळायचे. पुण्याला जाता-येता गाडीच्या खिडकीतून लोहगड आणि विसापूर आयुष्यभर बघितले, पण एकदाही काढले नाहीत. समुद्र मात्र, प्रत्यक्ष बघायच्या आधी, निदान पंधरा वेळा काढला असेल. लग्नानंतर अलिबागला तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात आलं, माझा मोठा होता. नवऱ्याला हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी अजून विसरले नाही.

वही टेबलावर पडलेली असायची. एक दिवस बाजारपेठेतले एक चिक्कीवाले ती चाळता चाळता म्हणाले, "हे झाडाखालच्या सायकलचं पुस्तक द्या." मी दिलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "आता हे, कंदिलाचं." तेव्हापासून प्रत्येक चित्राखाली मी पुस्तकाचा नंबर लिहायला लागले आणि कॅटलॉगची पेटी धूळ खात पडली. या चिक्कीवाल्यांची एकच अट असे. पुस्तकात कोणी मरायला नको. दिवसभर पर्यटकांशी गोड बोलून आलेल्या माणसाला संध्याकाळी मयत सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्या पुस्तकात कोणी मरत नाही, त्याच्या चित्राच्या कोपऱ्यात मी त्यांच्यासाठी झाडाचं एक छोटं पान काढून ठेवायचे. मराठी कादंबऱ्यांत अशी पानं किती कमी निघतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

याउलट एक निवृत्त हेडमास्तर. ते पुस्तक परत करायला येत ते तक्रार घेऊनच. "पान चौऱ्याऐंशीवर तिचं लुगडं हिरवं आहे. तुमच्या चित्रात ते काळं दिसतं."

"सर, माझ्याकडे पेन्सिल आहे."

"मग तिला उन्हात उभी करायची नाही. रंग दिसतो."

त्यांच्या धाकानं मी पुस्तकं दोनदा वाचायला लागले. चित्र पुस्तकाला धरून असावं, पुस्तकात नाही ते आपल्या पदरचं घालू नये, हे मला त्यांनीच शिकवलं. ते शिकूनही एकदा मी चुकले. हा सगळा लेख त्या चुकीपायी लिहिते आहे.

गुरुवारी दुपारी आमच्या दारातल्या बाकावर एक बाई येऊन बसायच्या. नऊवारी, पायात प्लॅस्टिकच्या चपला, शेजारी बेसन आणि कांद्यांच्या पिशव्या. लोहगडवाडीला किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची टपरी होती. ट्रेकला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी, भजी, ताक. शनिवार-रविवारच्या गर्दीचं सामान न्यायला त्या लोणावळ्याच्या बाजारात यायच्या आणि दुपारी मळवलीकडे जायला लोकल नसते, म्हणून आमच्याकडे टेकायच्या. नाव हिराबाई. वाचता येत नव्हतं. एकदा पाणी मागायला टेबलाशी आल्या आणि उघड्या वहीकडे बघत राहिल्या.

"ही कुनाची वाट बघती वं?"

चित्रात खाडीच्या काठावर उभी असलेली एक बाई होती. मी विचारलं, "वाट बघतेय हे तुम्हाला कसं कळलं?"

"उभी कशी ऱ्हायली बघा की. काम असलेली बाई अशी उभी ऱ्हाती व्हय?"

माझ्या चित्राला इतकी चांगली दाद आजवर कोणी दिली नव्हती. मी खूश होऊन त्यांना थोडी गोष्ट सांगितली. एका तरीवाल्याची बायको. नवरा खाडीतून माणसं पलीकडे पोचवतो. एकुलता एक मुलगा बापाशी भांडून घर सोडून जातो. हिराबाई उभ्याउभ्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सांगू नका असं तुटक तुटक. वाचून दावा. मला गुरुवारी येळ असतोय."

वाचनालयात शांतता पाळायची असते, तशी पाटी मीच रंगवली होती. म्हणून मी त्यांना मागच्या बाइंडिंगच्या खोलीत नेलं. खळीची पातेली आणि रेक्झिनचे गुंडाळे बाजूला सारून आम्ही दोघी बसलो. दर गुरुवारी दहा-बारा पानं. हिराबाईंचे हात कधी रिकामे नसत. मेथी निवडायच्या, लसूण सोलायच्या. मधूनमधून बोलायच्या. "हा म्हातारा लय ताठ हाय." "पोराला जेवू तरी घालायचं व्हतं आधी." पुस्तकातल्या माणसांशी त्या असं बोलायच्या की मला पुढचं वाचायला थांबावं लागायचं. इतकी वर्षं मी एकटीनं वाचत आले होते. दोघींनी मिळून एक पुस्तक वाचण्यात काय सुख असतं, ते त्या खोलीत मला कळलं.

ज्या दिवशी पुस्तकातला बाप चारचौघांत मुलाच्या मुस्काटात मारतो ते प्रकरण वाचलं, त्या दिवशी हिराबाईंचे हात थांबले.

"सोपान बी असाच गेला," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा. त्यांच्या रस्त्याकडेच्या शेतावर बंगले बांधायचे म्हणून बाहेरचे लोक आले होते. सोपान म्हणाला, विकून टाकू. बापानं त्या लोकांच्या देखत, टपरीवरच, त्याला मारलं. सोपान अंगावरच्या कपड्यांनिशी वाडी उतरून गेला, त्याला चार वर्षं झाली होती. पुढे सहा महिन्यांत बाप गेला. कळवणार कुठे? पत्ताच नव्हता.

"ह्या बुकातला पोरगा येतो का वं माघारी?" त्यांनी विचारलं.

आता ते पुस्तक कसं होतं ते सांगायला हवं. पुस्तकाची पानं एकेक छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि तो घडी घालून शिवतात. त्याला फॉर्म म्हणतात. दोरा कुजला की पहिला आणि शेवटचा फॉर्म आधी गळून पडतो. या पुस्तकाचे ते दोन्ही गेले होते. नाव नाही, लेखक नाही, सुरुवात सतराव्या पानावर अर्ध्या वाक्यात आणि शेवटही अर्ध्या वाक्यात. नोंदवहीतलं पान कसरीनं खाल्लेलं. दत्तोबांनी ते तसंच शिवून मरून रेक्झिन चढवलं होतं. मी ते फार पूर्वी वाचलं होतं. शेवट नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी ते हिराबाईंना सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, त्या काय दोन गुरुवार येतील आणि कंटाळतील. सोपानचं कळल्यावर सांगायची हिंमत झाली नाही.

मी प्रयत्न केला, हे खरं. ओळखीच्या ग्रंथपालांना पत्रं लिहिली, पुण्यातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना विचारलं. खाडी, तरीवाला, पळून गेलेला मुलगा. ते विचारायचे, "नाव काय?" तिथेच बोलणं संपायचं. इकडे दर गुरुवारी उरलेली पानं कमी होत होती.

शेवटचा गुरुवार आला. आमच्या प्रतीतलं शेवटचं वाक्य असं तुटतं, की नवरा वारलाय, बाई घरात एकटी आहे, दाराशी कोणीतरी थांबल्याची चाहूल लागते आणि ती उठते. बस. पुढे रेक्झिनचा पुठ्ठा.

हिराबाईंच्या मांडीवर लसूण होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "आला का?"

माझ्या वहीत त्या पुस्तकाचं दुसरंही एक चित्र होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो तुटका शेवट मला सहन झाला नव्हता, म्हणून मी आपल्या मनानं तो पुरा केला होता. अर्धवट उघडं दार आणि उंबऱ्याबाहेर पुरुषाच्या ओल्या चपलांचा जोड. एवढंच. मी ते पान त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवून म्हणाल्या, "टाच एका अंगाला झिजलीया. लांबनं चालत आलाय." आणि रडायला लागल्या. "आला गं बाई."

"आला," मी म्हणाले.

त्यांनी ते पान मागितलं. पुस्तकातलं पान फाडणाऱ्याला मी बत्तीस वर्षं फैलावर घेतलं, पण त्या दिवशी माझ्याच वहीतलं पान मी टरकन फाडून दिलं. त्यांनी ते घडी न घालता, गुंडाळून, बेसनाच्या पिशवीत उभं ठेवलं.

त्यानंतर त्या काही महिने आल्या. आम्ही दुसरी पुस्तकं वाचली, पण त्यांचं त्यात मन नसायचं. मग त्यांचे गुडघे धरले, सामान पुतण्या न्यायला लागला आणि गुरुवारचा बाक रिकामा झाला. नंतर कितीतरी वर्षं गुरुवारी दुपारी दाराकडे माझी मान वळायची. किल्ल्यावर जाऊन आलेली कॉलेजची मुलं कधी सांगायची, तिथे एका टपरीत तुमच्यासारखं चित्र लावलंय. मला बरं वाटायचं. अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझं एक तरी चित्र कुठेतरी भिंतीवर लागलं होतं.

गेल्या वर्षी, पाऊस संपल्यावर, नव्या ग्रंथपाल मुलीचा फोन आला. तुंगार्लीतला एक जुना बंगला विकला होता, मालकांनी पुस्तकांची बारा खोकी देणगी दिली होती, निवडायला येता का? मी हातातलं काम टाकून गेले. सातव्या खोक्यात एक कापडी बांधणीचं पुस्तक निघालं. सवयीनं मधलं पान उघडलं आणि खाडी दिसली. सतरावं पान काढलं. ते अर्धं वाक्य मला पाठ होतं. या प्रतीत ते सोळाव्या पानावर सुरू होत होतं.

हिराबाईंना वाचून दाखवल्याला चौदा वर्षं झाल्यावर मला त्या पुस्तकाचं नाव कळलं. पण नावापाशी न थांबता मी शेवट काढला आणि उभ्याउभ्या वाचला.

दाराशी कोणी नसतं. वारा असतो. बाई दार उघडते, बाहेर बघते, मग आत येऊन निखारे विझवते. पहाट व्हायची वाट बघते. घराला कुलूप लावते, मेलेल्या नवऱ्याची होडी सोडते आणि मुलाला शोधायला खाडीतून निघून जाते. पुस्तक तिथे संपतं. तो सापडतो की नाही, ते लिहिलेलं नाही.

मी खोक्यावर बसले. ती मुलगी म्हणाली, "काकू, पाणी देऊ का?" माझ्या डोळ्यांसमोर त्या चपला होत्या. पुस्तक म्हणत होतं, बाई, ऊठ, जा. मी चित्र काढून सांगितलं होतं, बस, तो येईल.

पुढच्या गुरुवारी मी मळवलीला उतरले आणि तिथून जीपनं वर गेले. टपरीला आता पत्र्याचं छप्पर होतं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, पाटीवर पिठल्याच्या वर मॅगी लिहिलं होतं. पुतण्याची बायको चूल बघत होती आणि हिराबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर, खांबाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं माझं चित्र. पेन्सिल पुसट झाली होती, चपला तेवढ्या दिसत होत्या.

"बाई! म्हाताऱ्या झालात की!" त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून हसल्या.

चहा झाला. मी पिशवीतून पुस्तक काढायच्या आधी त्यांनीच सांगितलं. सहा वर्षांपूर्वी बार्शीकडची काही मुलं ट्रेकला आली होती. त्यातला एक म्हणाला, आजी, तुमच्या तोंडवळ्याचा एक माणूस आमच्या नाक्यावर पंक्चर काढतो, सोपान नाव, तोही मावळातलाच आहे. बायको आहे, एक मुलगी आहे.

"मग गेला नाहीत?" मी विचारलं.

"समदी म्हनत व्हती, जा म्हनून. म्या म्हनलं, त्याला यायचंय तवा तो येईल." त्यांनी हनुवटीनं वर खांबाकडे दाखवलं. "बुकात आला तसा."

सहा वर्षं. मी काही न बोलता परत जाऊ शकले असते, आणि तसा विचार मनात येऊन गेला, तोही लिहून टाकते. मग मी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "मावशी, ह्याची शेवटची पानं सापडलीत. ऐका."

सोळा पानं वाचायला अर्धा तास लागला. मध्ये दोनदा गिऱ्हाईक आलं. "थांबा जरा, वाचन चाललंय," असं हिराबाईंनी त्यांना सांगितलं आणि ती मुलं खरोखर थांबली. मी शेवटचं वाक्य वाचून पुस्तक मिटलं.

"म्हंजी न्हाई आला," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग चपला?"

"मी मनानं काढल्या. आपल्या पुस्तकाला शेवटच नव्हता."

"खोटं बोललात तुमी."

"हो."

त्यांनी खाली मान घालून लसूण सोलायला घेतला. एक पाकळी, दुसरी, तिसरी. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता उठावं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "किल्ली कुनाकडं दिली तिनं?"

"काय?"

"घराला कुलूप लावून गेली न्हवं ती? मग किल्ली कुनाकडं दिली?"

"ते लिहिलेलं नाही, मावशी."

"असं कसं? बाप्यानं लिवलं असंल. बाई घर सोडून निघाली, म्हंजी किल्ली कुनाकडं तरी देनारच." त्यांनी हात पदराला पुसले. "पुतन्याकडं दिली तर तो घरात कांदं भरंल. तुमी ठेवाल का?"

पुढच्या सोमवारी सकाळी मळवली स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेले. सोबत पुतण्या होता, नवं लुगडं होतं आणि नातीसाठी गाठोड्यात इंद्रायणी तांदूळ. त्या फलाटावर उभ्या होत्या, पण काम असलेली बाई उभी राहते तशा. गाडी दिसली तेव्हा त्यांनी माझ्या हातात सुतळीत ओवलेली किल्ली ठेवली आणि वरून माझी मूठ दाबून मिटवली. "शेवट तुमी मोडलात. आता घर बी तुमीच बघायचं," त्या म्हणाल्या. त्या रागावलेल्या होत्या की नाही, मला अजून सांगता येत नाही.

तीन दिवसांनी पुतण्या परत आला आणि त्यानं फोनवर सांगितलं ते असं. सोपान टायर उघडत बसला होता. आईला बघितलं, पण तो उठला नाही. टायर पुरा केला, हवा भरली, गिऱ्हाइकाला दिला. मग आत जाऊन साबणानं दोनदा हात धुतले आणि बाहेर येऊन आईच्या पाया पडला. बाप गेल्याचं त्याला तेव्हा कळलं. हिराबाई तिकडेच राहिल्या. नातीला भाकरी थापायला शिकवतात म्हणे. या दिवाळीला चौघं वाडीला येतो, असं सोपान म्हणालाय. नुसतं म्हणालाय. इतक्या वर्षांनी त्या वाटेनं वर यायला त्याला काय वाटत असेल, ते मी कसं सांगू?

किल्ली माझ्याकडे आहे. गुरुवारी मी मळवलीला उतरते, वाडीला जाते, घर उघडते, झाडते, खिडक्या उघडून हवा खेळू देते. मग कुलूप लावते आणि समोरच्या दगडावर वही घेऊन बसते. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच समोर दिसतंय ते काढते आहे. हे फार अवघड असतं. दाराची एक फळी दुसरीपेक्षा रुंद आहे, कडी डावीकडे झुकलेली आहे, उंबरा मधोमध झिजलाय. हेडमास्तर असते तर त्यांनी अजूनही दोन चुका दाखवल्या असत्या. कला महाविद्यालयात हेच शिकवत असतील का, असं मनात येतं आणि मग थोडा वेळ हात चालत नाही.

चित्र जवळजवळ पुरं झालंय. दार झालं, कुलूप झालं, भिंतीवरची सावली झाली. उंबऱ्याबाहेरची जागा तेवढी कोरी ठेवली आहे. तिथे आलं की हात शिवशिवतो. चार जोड सहज मावतील एवढी ती जागा आहे, त्यातला एक लहान.

पण या वेळी आधी बघणार आहे, मग काढणार.